कार्डावरचा रतीब



या अंकात आम्ही परीक्षा, गणवेश किंवा उशिरा येणारी मुले यांपैकी कशाविषयीही लिहिणार नाही. विषय आहे क्रेडिट कार्डाच्या बिलात दर महिन्याला गुपचूप पडणाऱ्या रकमेचा. शाळेच्या वार्तापत्रात हा विषय कशाला, असे काहींना वाटेल. कारण असे की, पालकसभेनंतर थांबून बोलणाऱ्या पालकांकडून ही तक्रार आम्ही बऱ्याचदा ऐकली आहे आणि पुष्कळदा तिचे मूळ मुलांच्या अभ्यासातच निघते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा घरोघरी अभ्यासाची ॲप आली. त्यांपैकी काही उपयोगी होती, काही नव्हती. मुले शाळेत परत आली, ॲप मोबाईलवरून काढून टाकले गेले, पण कार्डावरची वर्गणी मात्र चालूच राहिली.

ही व्यवस्था आपल्याला नवीन नाही. दुधाचा रतीब आपण पिढ्यान् पिढ्या लावत आलो. इंदुरात तर त्याला 'बंदी' म्हणतात. 'आमच्याकडे दुधाची बंदी आहे' असे येथल्या सासूबाईंनी सांगितले की पुण्याहून आलेली नवी सून चकित होते, या घरात दूध बंद का म्हणून! असो. रतीब असो की बंदी, त्यात दोन गोष्टी सोप्या होत्या. दूधवाला रोज दारात दिसायचा आणि 'भैया, उद्यापासून नको' एवढे म्हटले की काम संपायचे. कार्डावरच्या रतिबात घालणारा दिसत नाही, आणि नको म्हणायचे कोठे हेही चटकन सापडत नाही. सगळा घोळ या दोन गोष्टींतून होतो.

आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. बँकेच्या हिंदी कागदपत्रांत अशा व्यवहारांना 'आवर्ती' म्हणतात, आवर्ती जमा खात्यातला तोच शब्द. मराठीतही तो चालेल असा आहे, म्हणून पुढे तोच वापरतो. आवर्ती व्यवहार म्हणजे एकदा परवानगी दिली की ठरलेल्या दिवशी, पुन्हा न विचारता, कार्डावरून रक्कम घेतली जाणे. वर्तमानपत्र, चित्रपट दाखवणारी सेवा, गाणी, विषाणूरोधक प्रोग्राम, फोटो साठवण्याची जागा, विम्याचा हप्ता, मुलांचे ॲप, सर्वत्र हीच पद्धत आहे.

'नाही म्हणाला नाहीत, म्हणजे हो' हे तत्त्वही जुनेच आहे. अमेरिकेत १९२६ साली 'बुक ऑफ द मंथ क्लब' निघाला. त्याच्या सभासदाने 'या महिन्याचे पुस्तक नको' असे मुदतीत कळवले नाही तर पुस्तक घरी येत असे आणि बिलही. मनुष्य आळशी असतो आणि पत्र टाकायचे राहून जाते, यावर हा धंदा उभा होता. आज पत्राच्या जागी बटण आले, आळस तोच आहे.

यातला सर्वांत मोठा दरवाजा म्हणजे 'सात दिवस मोफत'. मोफत द्यायचे तर कार्डाचा क्रमांक कशाला, हा प्रश्न आपल्या आजीने पहिल्या मिनिटाला विचारला असता. तो क्रमांक आठव्या दिवसासाठी असतो. कधी मोफतऐवजी एक रुपया घेतात. रुपया गेला तर गेला, असे आपण म्हणतो. पण त्या रुपयाबरोबर ओटीपी टाकून आपण पुढच्या सर्व महिन्यांची परवानगी दिलेली असते. त्या पडद्यावर बारीक अक्षरांत 'त्यानंतर दरमहा ४९९ रुपये' असे लिहिलेले असते. तेवढे एक वाक्य वाचायचे.

रक्कम लहान असते म्हणूनच ती टिकते. १४९, २९९ आणि ४९९ अशा तीन वर्गण्या धरल्या तर महिन्याला ९४७ रुपये, वर्षाला ११,३६४ रुपये. एकदम मागितले असते तर आपण दहा प्रश्न विचारले असते. त्यातून वर्गणी परदेशी सेवेची व डॉलरमध्ये असेल, तर विनिमय शुल्क म्हणून बँका बहुधा दोन ते साडेतीन टक्के वेगळे लावतात व त्या शुल्कावर जीएसटी. निवृत्तिवेतनावर घर चालवणारे आजोबा आणि त्यांच्या कार्डावर नातवाने लावलेला खेळ, असे उदाहरण आमच्या पाहण्यात आहे. तेथे हे पैसे औषधांच्या पैशांतून जात होते.

आता सरकारने आणि रिझर्व्ह बँकेने काय केले आहे ते पाहू, कारण आपल्या हातात काय आहे हेच बहुतेकांस ठाऊक नसते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१९ मध्ये आवर्ती व्यवहारांसाठी ई-मँडेटची चौकट आखली आणि १ ऑक्टोबर २०२१ पासून ती पक्केपणी लागू झाली. पहिल्यांदा परवानगी देताना ओटीपीसारखी जादा खात्री आवश्यक झाली. शिवाय रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने ग्राहकाला संदेश पाठवला पाहिजे आणि त्यात व्यापाऱ्याचे नाव, रक्कम, तारीख व वेळ, मँडेटचा क्रमांक आणि कारण असले पाहिजे. त्या संदेशावरून हा एक हप्ता किंवा संपूर्ण मँडेट नाकारण्याची सोय बँकेने दिलीच पाहिजे. रक्कम कापल्यावर पुन्हा संदेश आला पाहिजे. या सोयीसाठी ग्राहकाकडून शुल्क घेता येत नाही. ओटीपीशिवाय कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा आरंभी २,००० रुपये होती, २०२१ च्या जानेवारीत ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,०००. विम्याचे हप्ते, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डाचे बिल यांसाठी डिसेंबर २०२३ मध्ये ती एक लाख करण्यात आली. फास्टॅगमध्ये आपोआप पैसे भरले जातात, त्याला मात्र २०२४ मध्ये आगाऊ संदेशाच्या अटीतून सूट मिळाली आहे.

२०२१ च्या त्या ऑक्टोबरात अनेकांच्या वर्गण्या अचानक अडल्या आणि लोक रिझर्व्ह बँकेच्या नावाने बोटे मोडू लागले. आमच्या मते तो त्रास सोसण्याजोगा होता. विसरलेल्या कित्येक वर्गण्या त्या धक्क्यानेच गळून पडल्या.

मग आजही तक्रारी का येतात? आमच्या पाहणीत मुख्य कारण असे की तो २४ तास आधीचा संदेश आपण वाचत नाही. दिवसभरात कर्ज घ्या, प्लॉट घ्या असे इतके संदेश येतात की कामाचा संदेश त्यांच्यात बुडतो. दुसरे, बँकेत नोंदलेला मोबाईल क्रमांक जुना असतो किंवा कार्ड वडिलांचे आणि वापर मुलाचा असतो. संदेश एकाकडे, खर्च दुसऱ्याकडे. तिसरे, मँडेट देताना कमाल रक्कम आणि मुदत लिहिलेली असते, ती आपण पाहत नाही. १९९ च्या सेवेला ५,००० पर्यंतची परवानगी दिली असेल तर उद्या दर वाढल्यावर वाढीव रक्कमही सुखाने कापली जाईल.

बिलात अनोळखी नाव दिसले तर प्रथम घाबरू नये आणि बँकेलाही लगेच फोन करू नये. बिलातले नाव दुकानाच्या पाटीवरच्या नावासारखे असेलच असे नाही. तेथे मूळ कंपनीचे नाव येते, कधी मध्यस्थ पेमेंट कंपनीचे, कधी अर्धवट तोडलेली इंग्रजी अक्षरे. आधी तीच रक्कम मागच्या महिन्यांत त्याच तारखेच्या आसपास आहे का ते पाहावे. मग ईमेलमध्ये त्या रकमेचा आकडा टाकून शोधावे. पावती बहुधा तेथे सापडते. आणि मग घरात विचारावे. विचारताना आवाज चढवू नये, ही आमची खास विनंती. रागावले तर मूल 'मला नाही माहीत' एवढेच सांगेल आणि पुढचा महिना तसाच जाईल.

एवढ्या शोधानंतर प्रकरण कोणत्या जातीचे आहे ते कळते, आणि पुढचा मार्ग त्यावर ठरतो. येथे बरेच पालक गडबड करतात म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

वर्गणी आपल्याच घरातली निघाली, फक्त विसरलेली, तर ती रद्द करणे हे काम व्यापाऱ्याकडे आहे. ॲप मोबाईलवरून काढून टाकल्याने वर्गणी रद्द होत नाही. हे वाक्य आम्हांला शाळेच्या फाटकावर लिहून ठेवावेसे वाटते. अँड्रॉइड मोबाईलवर प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातील आपल्या चित्रावर बोट लावले की पेमेंट आणि सबस्क्रिप्शन असा पर्याय येतो. त्यात चालू असलेल्या सर्व वर्गण्यांची यादी असते आणि प्रत्येकीसमोर रद्द करण्याची सोय. आयफोनवर सेटिंग्जमध्ये सर्वांत वर आपले नाव असते, त्यावर बोट लावून सबस्क्रिप्शनमध्ये जावे. आयफोनवर मोफत मुदत संपण्यापूर्वी किमान एक दिवस आधी रद्द करावे लागते, शेवटच्या संध्याकाळी नाही. घरात दोन गुगल खाती असतील तर दोन्हींत पाहावे, कारण वर्गणी नेमकी मुलाने उघडलेल्या दुसऱ्या खात्यात असते. वर्गणी स्टोअरमधून न घेता कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतली असेल तर तेथेच जाऊन रद्द करावी लागते. यूपीआयवरून लावलेली असेल तर आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, तेथे मँडेट थांबवता येते. रद्द झाल्याचा ईमेल किंवा पडद्याचे छायाचित्र जपून ठेवावे. याचे महत्त्व पुढे दिसेल.

याबरोबरच बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये कार्डावरच्या मँडेटची यादी पाहून तेथूनही ते रद्द करावे. दोन्ही कामे केलेली बरी. नुसते बँकेकडून मँडेट थांबवले तर पैसे जाणे थांबते, पण व्यापाऱ्याच्या वहीत आपण ग्राहकच राहतो आणि थकबाकीची पत्रे येऊ शकतात. नवे कार्ड घेतले म्हणजे जुन्या वर्गण्या आपोआप मेल्या, हा समजही बरोबर नाही. कार्ड बदलते, करार तसाच राहतो.

गेलेले पैसे परत मिळतील का? वापर न करता पहिल्याच महिन्यात सौम्य भाषेत लिहिले तर पुष्कळ कंपन्या एक हप्ता परत करतात. अकरा महिन्यांनी जागे झालो तर आशा थोडी. येथे बँकेवर रागावण्यात अर्थ नाही, कारण ओटीपी आपलाच होता.

दुसरी जात म्हणजे रद्द केल्यावरही रक्कम कापली जाते. येथे आपली बाजू भक्कम आहे. बँकेकडे लेखी वाद नोंदवावा आणि वर सांगितलेला रद्दीचा पुरावा जोडावा. व्हिसाच्या नियमांत 'रद्द केलेला आवर्ती व्यवहार' असा वादाचा स्वतंत्र प्रकारच आहे, म्हणजे ही अडचण जगभर ओळखीची आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या क्रेडिट कार्ड निर्देशांनुसार ग्राहकाने बिलावर हरकत घेतली की बँकेने ३० दिवसांच्या आत खुलासा आणि गरज पडल्यास कागदपत्रे द्यावीत. मात्र या वादांना मुदती असतात, म्हणून बिल हातात पडताच लिहावे. तक्रारीचा क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये.

तिसरी जात खरोखर अनोळखी व्यवहाराची. घरात कोणीच लावले नाही, ईमेलमध्ये काही नाही, तेव्हा एक तासही दवडू नये. प्रथम कार्ड ब्लॉक करावे, मग बँकेकडे अनधिकृत व्यवहार म्हणून तक्रार नोंदवावी. जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने तत्त्व घालून दिले की, चूक ना ग्राहकाची ना बँकेची, तिसऱ्याच कोणाची असेल आणि संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लागले तर काही भार ग्राहकावर येतो. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर टाकली आहे. फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावरही लगेच कळवावे.

आता एक कान टोचणी. आपलीच विसरलेली वर्गणी असताना काही जण पैसे लवकर मिळावेत म्हणून बँकेला 'फसवणूक झाली' असे सांगतात. तसे करू नये. कार्ड बंद होते, चार चांगले मँडेट, विम्याच्या हप्त्यासकट, अडकतात. आणि व्यापारी आपल्याच ओटीपीचा दाखला पुढे करतो. मुलांसमोर हे घडत असते, हेही विसरू नये.

वाद चालू असताना संपूर्ण बिल भरायचे थांबवणे हाही एक महाग पडणारा स्वाभिमान आहे. क्रेडिट कार्डाचे बिल पूर्ण भरले नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि इतर खरेदीवरही व्याज सुरू होते. वादातली रक्कम बाजूला ठेवता येईल का हे बँकेकडून लेखी विचारून घ्यावे आणि बाकीची वेळेवर भरावी.

व्यापारी रद्दच करू देत नसेल तर? रद्द करण्याचे बटण लपवलेले, सात पडदे ओलांडायचे, मध्येच 'खरेच आम्हांला सोडून जाणार?' असा रडका चेहरा. याला आता कायद्यात नाव आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी डार्क पॅटर्नविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत १३ प्रकार सांगितले असून 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' म्हणजे वर्गणीचा सापळा त्यांतला एक आहे. रद्द करणे अशक्य किंवा किचकट करणे, रद्दीचा पर्याय लपवणे, मोफत वर्गणीसाठी पैशांचा तपशील सक्तीने मागणे, हे सर्व त्यात येते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दोष बँकेचा असेल, आगाऊ संदेश आला नाही किंवा ३० दिवसांत उत्तर मिळाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्याला शुल्क नाही, वकील लागत नाही. आधी बँकेकडे तक्रार केल्याचा पुरावा मात्र लागतो.

हा सापळा फक्त आपल्याकडचा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत ॲमेझॉनने प्राइम सभासदत्वाच्या प्रकरणात तेथील फेडरल ट्रेड कमिशनशी अडीच अब्ज डॉलरची तडजोड केली, त्यातले दीड अब्ज ग्राहकांना परत देण्यासाठी. लोकांना नकळत सभासद केले आणि बाहेर पडणे अवघड केले, असा आरोप होता. आपल्यापैकी अनेकांची मुले तिकडे आहेत, आणि येथल्या घरातल्या मालिकांची वर्गणी त्यांच्या तिकडच्या कार्डावर असते. अशा कार्डाला आपल्या रिझर्व्ह बँकेचे नियम लागू नाहीत, २४ तासांचा संदेश येणार नाही. तिकडे १९७४ चा कायदा आहे, त्याप्रमाणे बिल निघाल्यापासून ६० दिवसांत लेखी हरकत घ्यावी लागते. म्हणून येथे सेवा नको झाली तर मुलाला कळवावे. तो आपल्यासाठी म्हणून मुकाट्याने भरत राहतो.

पुढे त्रास होऊ नये म्हणून थोडी व्यवस्था. कार्डावर परदेशी व्यवहार, ऑनलाइन व्यवहार चालू-बंद करण्याची व मर्यादा ठरवण्याची सोय २०२० पासून प्रत्येक बँकेने दिली पाहिजे. परदेशी खरेदी करत नसाल तर ती कळ बंदच ठेवावी. मुलाच्या हातातल्या मोबाईलवर प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागितला जाईल अशी सेटिंग करावी. मोफत मुदत घेतली की त्याच क्षणी, दोन दिवस आधीच्या तारखेला मोबाईलवर आठवण लावावी. आम्ही तर घरच्या कालनिर्णयावर लिहितो, गॅस सिलिंडरच्या तारखेखाली.

आणि एक सावधगिरी. 'तुमची ४,९९९ ची वर्गणी आज नवी होत आहे, रद्द करायची असल्यास या क्रमांकावर बोला' असे खोटे संदेशही येतात. तेथे ओटीपी सांगितला की वर्गणी नाही, खातेच रिकामे होते. रद्द करण्यासाठी कोणालाही ओटीपी सांगावा लागत नाही. बँकेचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये, कार्डाच्या पाठीमागे छापलेला असतो तोच लावावा.

शाळेपुरते आम्ही शिक्षकांना सांगितले आहे की ज्या ॲपला मोफत वापरासाठी कार्ड लागते ते वर्गात सुचवू नये आणि गृहपाठ अशा ॲपवर देऊ नये. कोणी दिल्यास आम्हांला कळवावे. नववीच्या गणितात या सत्रात एक तास घरच्या आवर्ती खर्चाच्या हिशोबासाठी ठेवला आहे. मुले घरी येऊन दूध, वर्तमानपत्र, केबल आणि मोबाईलच्या वर्गण्या विचारतील. कृपया खरे आकडे सांगावेत, वही कोणाला दाखवली जाणार नाही.

ज्या पालकांना मोबाईलवर यादी पाहणे जमत नाही त्यांनी महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी संगणक कक्षात यावे. संगणकाचे शिक्षक व दहावीची दोन मुले मदतीस असतील. आजी-आजोबांनी अवश्य यावे. येताना मोबाईल आणि मागच्या तीन महिन्यांची बिले आणावीत. कार्ड घरीच ठेवावे, त्याची गरज पडणार नाही.